पाठीवरची निळी रेघ

ठण! ठण! ठण!

मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडच्या दारात उभी राहून ब्रोनी पत्र्याच्या थाळीवर डाव आपटत होती. संध्याकाळी पाचला ही थाळी वाजायची आणि शेडच्या कानाकोपऱ्यांतून सात मांजरं शेपट्या उभारून धावत यायची. खायला मिळायचं फक्त मूठभर. अर्धं पोट थाळीने भरायचं आणि उरलेलं अर्धं उंदरांनी, असा त्या शेडचा कायदा होता!

"मोज रे," ब्रोनी म्हणाली.

"फ्राउ, टिली, सार्जंट, बटण." तिचा नऊ वर्षांचा भाऊ आल्फी बोटांवर मोजत होता. "चार."

"पुन्हा मोज."

"चाराला कितीदा मोजलं तरी चारच होतात! डिझेल नाहीये."

ब्रोनीने डाव खाली ठेवला. शनिवारी पाद्री मेला होता. काळाकुट्ट, गळ्याशी पांढरी पट्टी, म्हणून तो पाद्री. रविवारी जिंजर गेली. आणि आज सोमवारी डिझेल नाही?

डिझेल म्हणजे काही साधासुधा बोका नव्हता. एकदा एक कोल्हा कोंबड्या न्यायला आला होता. दारात डिझेल बसलेला पाहून तो आल्या पावली परत गेला, आणि जाताना फाटकसुद्धा लावून गेला! विश्वास नसेल बसत तर नका ठेवू, पण त्या फाटकावर पंज्याचे ओरखडे आहेत, जाऊन बघा.

"ब्रोनी! इकडे ये! लवकर!"

आल्फी लोकर दाबायच्या यंत्राखाली पालथा पडला होता. आत डिझेल होता. त्याचे कान फडफडत होते, जबडा थडथडत होता. अंग असं हलत होतं, जसं काही आत एखादं इंजिन बिघडलंय. ब्रोनीने हळूच त्याला बाहेर ओढलं आणि मांडीवर घेतलं. नेहमी बोचकारणारा डिझेल, आज त्याने नखं काढलीच नाहीत.

"हा तुला ओळखत नाहीये," आल्फी कुजबुजला.

"ओळखतोय. गप्प बस."

थोड्या वेळाने ते हलणं थांबलं. सगळंच थांबलं.

बाहेर बुटांचा आवाज झाला. ब्रोनीचे आजोबा आले. त्यांना सगळे ऑपा म्हणायचे. उंच, वाकलेले, डोक्यावर घामाचा डाग पडलेली टोपी. त्यांनी ब्रोनीच्या मांडीवर पाहिलं आणि ते दाराला धरून उभे राहिले. ओमा, म्हणजे आजी, गेल्यापासून ऑपा माणसांशी कमी आणि मांजरांशी जास्त बोलायचे.

"साप असेल ना ऑपा?" आल्फीने विचारलं. पाद्रीच्या वेळी ऑपाच साप म्हणाले होते.

"तीन दिवसांत तीन? साप काय हजेरी लावून चावतो?" ऑपांचा आवाज चढला. "हे त्या शेजारच्या लिंकेबाईचं काम! गेल्या आठवड्यात मेलेला पक्षी खोक्यात घालून माझ्या पायरीवर ठेवून गेली. म्हणे तुझ्या मांजरांनी मारला. आता बघ, विष घालतेय!"

"ऑपा, लिंकेबाई मार्लीची नॅन आहे! माझ्या मैत्रिणीची आजी असं करणार नाही!"

"मार्लीचं नाव काढायचं नाही या घरात! ती कुंपण ओलांडून इकडे आली तर मी तिला उचलून पलीकडे ठेवीन!"

आणि ते फोन करायला गेले. इतक्या मोठ्याने ओरडले, की फोन नसता तरी लिंकेबाईंना ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमागच्या झाडाखाली ब्रोनी आणि आल्फी खड्डा खणत असताना कुंपणाची तार किणकिणली. मार्ली! बारा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर कायमची खरचटलेली. दर सुट्टीत ब्रोनी ऑपांकडे यायची आणि मार्ली आपल्या नॅनकडे. दोघींची मैत्री दात पडायच्या आधीपासूनची.

"तुला इकडे यायला बंदी आहे," ब्रोनी वर न बघता म्हणाली.

"ऐकलं. आमच्या मेंढ्यांनीसुद्धा ऐकलं."

"खरं सांग, तुझ्या नॅनने..."

"वेडी आहेस का? माझी नॅन मुंगीला वळसा घालून जाते! तिला मांजरं आवडत नाहीत, हे ती तोंडावर सांगते. लपून विष घालणारी नाही ती!"

दोघी एकमेकींकडे रागाने बघत राहिल्या. मधे गोणपाटात डिझेल.

"भांडून झालं की सांगा," आल्फी म्हणाला. तो डिझेलच्या मानेवरून हात फिरवत होता. एकदम त्याने बोट वर केलं. "हे काय?"

बोट निळं झालं होतं!

तिघांनी डिझेलच्या मानेचे केस बाजूला केले. काळ्या केसांत दिसतच नव्हती, पण मानेपासून खाली पाठीवर एक निळी रेघ ओढलेली होती. बोटभर रुंद, सरळ.

"हा काय रंगवलेल्या फळीला घासून आला नाही," मार्ली म्हणाली. "कुणीतरी ओढलीय."

"बाकीच्यांनाही होती का?" ब्रोनीने विचारलं. तिघांनी शेजारच्या मातीच्या दोन ढिगांकडे पाहिलं.

"मी नाही उकरणार," आल्फी म्हणाला.

"तू नाक धर. आम्ही उकरतो."

ते काम कसं झालं ते मी सांगत नाही. जेवताना कुणी वाचत असेल तर? एवढंच सांगते, की आल्फीने नाक धरलं आणि डोळे उघडे ठेवले, मार्लीने नेमकं उलट केलं, आणि खोऱ्यावर ब्रोनीच्या अश्रूंचे थेंब पडत होते. जिंजरच्या पिवळ्या पाठीवर निळी रेघ स्पष्ट दिसली. पाद्रीच्याही.

"मला माहितीये हा निळा रंग," ब्रोनी सावकाश म्हणाली. "आत्ताच मेंढ्यांची लोकर कातरली ना? कातरून झाली, की उवा होऊ नयेत म्हणून पाठीवर औषधाची रेघ ओढतात. निळी असते, म्हणजे कुठल्या मेंढीला लावलं ते कळतं."

"आमची कातरणी अजून व्हायचीय," मार्ली लगेच म्हणाली. "आमच्याकडे ते औषधच नाही! म्हणजे माझी नॅन सुटली!"

"सुटली," ब्रोनी म्हणाली. तिने मातीचा हात पुढे केला, मार्लीने तिचा मातीचा हात त्यावर ठेवला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. ज्यांची मैत्री दात पडायच्या आधीपासूनची, त्यांना ती लागत नाही.

"मग रेघ कोण ओढतंय?"

"कातरणीच्या टोळीतलं कुणी?"

"ते शुक्रवारीच गेले. डिझेल सोमवारी मेला."

"मग जो कोणी आहे तो शेडमध्ये येतो," आल्फी म्हणाला, "आणि औषधाच्या पिंपाशी जातो. आपण लपून बसू!"

दुपारी तीनपासून तिघं लोकरीच्या मोठ्या पेटीत गळ्यापर्यंत बुडून बसली. वरून आणखी लोकर ओढून घेतली. पेटीच्या फळीतल्या फटीतून समोर ते पांढरं पिंप दिसत होतं. आत उकडत होतं. मेंढीच्या तेलकट वासाने डोकं गरगरत होतं.

"मला शिंक येतेय," आल्फी म्हणाला.

"शिंकलास तर तुला लोकरीच्या गठ्ठ्यात दाबून चीनला पाठवीन," मार्ली कुजबुजली.

"तिकडे माझा स्वेटर होईल का?"

"स्वेटर कसला, पायपुसणं!"

"श्श!"

दार करकरलं. बूट वाजले. ब्रोनीने फटीला डोळा लावला.

ऑपा होते.

ऑपांनी पिंपाचं झाकण उघडलं. खिशातून सुई नसलेली एक पिचकारी काढली, निळं औषध ओढून घेतलं, आणि गठ्ठ्यावर बसून हळूच शीळ घातली. यंत्रामागून फ्राउ आली. करड्या पट्ट्यांची फ्राउ, तिची तीन आठवड्यांची चार पिल्लं मागच्या खोक्यात झोपली होती. तिने ऑपांच्या मांडीवर उडी मारली.

"ये माझी राणी," ऑपा म्हणाले. असा आवाज मुलांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पिसवा फार चावतात ना? पिल्लांनाही चावत असतील. थांब हं, दोन थेंब. मग कशी शांत झोप लागते बघ."

"ऑपा, नको!"

पेटीतून लोकरीचे तीन ढीग भुतांसारखे उठून उभे राहिले. ऑपांच्या हातून पिचकारी पडली. पण फ्राउच्या पाठीवर रेघ ओढून झाली होती.

"अरे देवा! तुम्ही इथे काय... आणि ही मार्ली? कुंपणाच्या अलीकडे?"

"ऑपा, त्या औषधानेच मांजरं मरतायत!" ब्रोनी ओरडली. "डिझेलच्या पाठीवर हीच रेघ होती! जिंजरच्या, पाद्रीच्या!"

ऑपांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "मूर्खासारखं बोलू नकोस! वर्षानुवर्षं लावतोय मी मांजरांना. कातरणी झाली की पिंपात तळाला जे उरतं, ते. एक मांजर नाही मेलं आजवर!"

"याच पिंपातलं?"

"हं? हे पिंप नवीन आहे यंदा. पण औषध तेच. निळंच आहे!"

ब्रोनी पिंपापाशी धावली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही छापलं होतं. ती बोट फिरवत वाचत गेली आणि एका जागी थांबली. "'मांजरांवर वापरू नये. मांजरांसाठी प्राणघातक.' ऑपा, वाचा! इथे आहे!"

"चष्मा घरी आहे माझा." ऑपांनी फ्राउला छातीशी घट्ट धरलं. "आणि मला शिकवू नका! जे मेंढीला चालतं ते मांजराला चालतं. विष बाहेरून आलंय. मी... मी माझ्या मांजरांना..." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "चालते व्हा सगळे! हिला हात लावायचा नाही!"

मुलं दोन पावलं मागे सरली. फ्राउ डोळे मिटून ऑपांच्या हातात घुरघुरत होती. पाठीवरचं निळं औषध तिच्या कातडीत मुरत होतं. ऑपा तिला सोडणार नव्हते. आणि वेळ मुळीच नव्हता.

आल्फी खिडकीपाशी गेला. बाहेर बघून त्याने अशी किंकाळी फोडली, की छपरावरचे पोपट उडाले.

"ऑपा! मेंढ्या लसूणघासात शिरल्या! सगळ्या!"

ओल्या लसूणघासात शिरलेल्या मेंढ्यांची पोटं फुगतात आणि तासाभरात त्या पाय वर करतात. हे ऐकून शेतकऱ्याचं शरीर डोक्याला न विचारता पळतं. ऑपांनी फ्राउला गठ्ठ्यावर ठेवलं, शीळ घालून कुत्र्याला हाक मारली आणि पळत सुटले.

"खरंच शिरल्यात?" मार्लीने विचारलं.

"छे! टाकीजवळ झोपल्यात," आल्फी म्हणाला. "ऑपांना कळेपर्यंत दहा मिनिटं. पळा!"

मोबाईलला सिग्नल फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर यायचा. मार्ली माकडासारखी वर चढली. "नॅन! मेंढीचं औषध मांजराला लावलंय! उवांचं!"

पलीकडून लिंकेबाईंचा आवाज, एकेक शब्द सुटा. "भांड्यांचा साबण. कोमट पाणी. मानेपासून धुवा, दोनदा, तीनदा. तिला चाटू देऊ नका. पिल्लं तिच्यापासून लांब. पुसून गरम ठेवा. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करते आणि गाडी काढते."

शेडमध्ये चहाची किटली होतीच. ब्रोनीने तिच्यातलं गरम पाणी बादलीत ओतलं, थंड घातलं, कोपर बुडवून पाहिलं. आल्फीने सिंकजवळून साबणाची बाटली आणली. आणि मग सुरू झाली लढाई! मांजराला आंघोळ घालणं म्हणजे काय, हे ज्याने घातली त्यालाच ठाऊक. फ्राउने ब्रोनीच्या हातावर सगळा नकाशा काढला. रस्त्यांसकट!

"धर! मान धर!"

"मी धरलीय! तिनेच मला धरलंय!"

फेस आधी निळा आला. मग फिका निळा. मग तिसऱ्या वेळी पांढरा.

"आल्फी!"

दारात ऑपा. धापा टाकत. टोपी हातात. "लसूणघासात एक मेंढी नाहीये! एकसुद्धा! माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? मी तुला..."

त्याच वेळी गठ्ठ्यांच्या मागून टिली बाहेर आली. पांढरी, नाजूक टिली. तिचे मागचे पाय तिच्या मनासारखे पडत नव्हते. कान फडफडत होते. जबडा थडथडत होता. ती ऑपांच्या बुटापर्यंत आली आणि आडवी झाली. पांढऱ्या पाठीवर निळी रेघ चकाकत होती.

बादलीतलं पाणी तेवढं हलत होतं.

"हिला सकाळी लावलं," ऑपा शेवटी म्हणाले. "सकाळी, कॉफी पिता पिता. मांडीवर आली म्हणून." ते गुडघ्यांवर बसले. "जी मांडीवर येते तिलाच लावतो मी. सार्जंट आणि बटण जवळ येत नाहीत, म्हणून ती..."

"म्हणून ती जिवंत आहेत," ब्रोनी म्हणाली. तिला म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

मार्लीने बादली ओतून पुन्हा भरली. "ऑपा, तिला इकडे द्या."

कालपर्यंत जिला उचलून कुंपणापलीकडे ठेवणार होते, तिच्या हातात ऑपांनी टिली दिली. आणि स्वतः बाह्या वर केल्या.

लिंकेबाईंची जुनी गाडी धुळीचा लोट घेऊन आली. ठेंगणी बाई, पुरुषांचा शर्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या दोन ओल्या मांजरांकडे बघून त्यांनी मान हलवली.

"हेडविग," ऑपा म्हणाले, "काल मी फोनवर तुला..."

"काल तू फोनवर जे बोललास ते मी नंतर परत करीन, शब्दाला शब्द. आत्ता गाडीत बस, एर्विन."

आल्फी पिल्लांपाशी थांबला. त्यांना गरम ठेवायचं आणि काही झालं तरी आईजवळ जाऊ द्यायचं नाही. डॉक्टर सत्तर किलोमीटरवर. गाडी इतकी जोरात गेली, की म्हणे रस्त्यातले दोन कांगारू अंग चोरून उभे राहिले आणि तिसऱ्याने वळून नंबर पाहिला. पण गाडीत कुणी हसत नव्हतं. ब्रोनीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली फ्राउ. तिचा एक कान फडफडायला लागला होता. पुढे ऑपांच्या मांडीवर टिली.

"किती राहिलं?" ब्रोनीने विचारलं.

"चाळीस," मार्ली म्हणाली.

"आता?"

"छत्तीस."

गावातल्या गव्हाच्या कोठारांचे उंच मनोरे दिसायला लागले तेव्हा ऑपा हळूच म्हणाले, "हेडविग, आता घाई नको करूस माझ्यासाठी."

लिंकेबाईंनी त्यांच्या मांडीकडे एकदा पाहिलं. टिली हलत नव्हती. "तुझ्यासाठी करतच नाहीये," त्या म्हणाल्या. "मागे अजून एक आहे." आणि त्यांनी गाडी आणखी दामटली.

डॉक्टरांनी फ्राउला सलाईन लावलं, झटके थांबायचं औषध दिलं. दोन दिवस कुणी काही सांगेना. ते दोन दिवस आल्फी दर तीन तासांनी पिल्लांना बाटलीने दूध पाजत होता आणि ऑपा शेडच्या पायरीवर बसून राहिले होते. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. पिल्लांना बघायला आलेल्या लिंकेबाईंनी तो उचलला. फ्राउने नर्सला बोचकारलं होतं!

"बोचकारलं म्हणजे वाचली," डॉक्टर म्हणाले. "आधी धुतलं नसतं तर माझ्या टेबलापर्यंत पोचली नसती. कुणी शोधून काढलं हे?"

"तिघांनी," लिंकेबाई म्हणाल्या. "दोघं एर्विनची, एक माझी. एर्विनच्या डोक्याने काही झालं नाही."

ऑपांनी नुसती मान खाली घातली.

रविवारी चर्चनंतर सभागृहात नेहमीसारखा चहा होता. लांब टेबलावर साखरेचा चुरा घातलेले केक, भिंतीला टेकून उभे असलेले शेतकरी, गप्पा पावसाच्या आणि लोकरीच्या. ऑपा टोपी हातात घेऊन मधोमध उभे राहिले. ऑपा सभागृहात कधी बोलत नाहीत, म्हणून सगळे गप्प झाले.

"मी माझी चार मांजरं मारली," ऑपा म्हणाले. "स्वतःच्या हातांनी. मांडीवर घेऊन, लाड करत. पिसवांसाठी मेंढीचं औषध लावलं. पूर्वीच्या औषधाने काही व्हायचं नाही. यंदाचं वेगळं आहे, निळं असलं तरी. पिंपावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. वर या हेडविगवर आळ घेतला." त्यांनी श्वास घेतला. "पाचवी वाचली ती या तीन पोरांमुळे. त्यांनी मेलेली मांजरं उकरून पाहिली, मला फसवून शेडबाहेर काढलं, आणि मी ओरडत असताना हात थांबवले नाहीत. मला त्यांचा अभिमान आहे. तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो."

ब्रोनीचे कान लाल झाले. मार्ली बुटांकडे बघत होती. आल्फीच्या तोंडात केक होता, त्यामुळे त्याला गिळताही येईना आणि हसताही येईना.

टाळ्या वाजतील असं वाटलं होतं. पण भिंतीला टेकलेले शेतकरी एकमेकांकडे बघत होते. कुणी मान खाजवली. कुणी कप खाली ठेवला. मागच्या फार्मवरचा धिप्पाड गुस्ताव एकदम पांढराफटक पडला, माणसांना कोपराने ढकलत भिंतीवरच्या फोनकडे धावला आणि त्याने नंबर फिरवला.

"अगं, मिटन कुठाय? मिटन गं, मांजर! पकड तिला! मी सकाळीच... प्रश्न विचारू नकोस, धुवून काढ तिला! कशाने म्हणजे?" त्याने फोनवर हात ठेवला आणि सभागृहाकडे वळून घोगऱ्या आवाजात ओरडला, "अरे पोरांनो, साबण कुठला?"

"भांड्यांचा!" तिघं एकदम ओरडली.